पंगत एक, मग वाढप दोन का?



संयुक्त महाराष्ट्र आपण कशासाठी मागितला होता? दुकानावर मराठी पाटी लागावी, कचेरीत मराठी अर्ज चालावा, कोर्टाचा निकाल आपल्या भाषेत ऐकू यावा, एवढ्याचसाठी का? पाटी मराठीच हवी, अर्ज मराठीच हवा, निकालही मराठीच हवा. त्यात एका अक्षराची सूट आम्ही देणार नाही. पण एवढ्यावरच समाधान मानायचं असतं, तर त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले नसते. ज्यांची भाषा एक, त्यांचं सुखदुःख एक. ज्यांचं सुखदुःख एक, त्यांची तिजोरी एक. आणि त्या तिजोरीवर गिरणीतल्या कामगाराचा जेवढा हक्क, तेवढाच घाटमाथ्यावरच्या मजुराचा. हा त्या मागणीचा गाभा होता.

आपल्या मराठीत एक जुना शब्द आहे: पंक्तिप्रपंच. सगळ्यांना एकाच पंगतीत बसवायचं, आणि एकाच्या पानात तुपाची धार धरायची, दुसऱ्याच्या पानात नुसतं वरण ओतायचं, तिसऱ्याला "जरा थांबा, आणतोच" म्हणून पुढं निघून जायचं. आपल्या आज्या-पणज्यांनी याला पाप मानलं. घरच्या कार्यात असं वागणाऱ्या वाढप्याची गावभर छी-थू होते. आम्ही अजिंठ्याच्या डोंगरातली माणसं आज तोच प्रश्न सरकार नावाच्या वाढप्याला विचारतो आहोत. पंगत एक, मग वाढप दोन का?

जहागिरीच्या दिवसांचा हिशोब

गरिबी-श्रीमंती ही देवाची करणी, तिथं सरकार काय करणार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा आमच्या अजिंठ्याचा इतिहास उघडून बघावा. लेणी पाहायला जग येतं. लेण्यांच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर, जुन्या तटबंदीचं अजिंठा गाव आहे, तिकडं फारसं कुणी वळत नाही. निजामी अमलात हा मुलूख सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होता. नांगर धरायचा इथल्या कुणब्यानं, धोंडे वेचायचे त्याच्या बायकोनं, पाऊस हुकला तर उपाशी निजायचं त्यांच्या लेकरांनी. आणि वसूल जायचा हैदराबादला. आज हैदराबादेत मुसा नदीच्या काठी सालारजंगांचं संग्रहालय आहे. १९५१ साली ते लोकांना खुलं झालं. देशोदेशीची घड्याळं, पुतळे, काचसामान बघायला तिथं गर्दी लोटते. वस्तू सुंदर आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. आम्ही एवढंच सांगतो, की ते वैभव ज्या जहागिरींच्या उत्पन्नावर पोसलं गेलं, त्यांतली एक आमची होती. निजामाची सर्फेखास जमीन तर आणखी निराळी. तिचं उत्पन्न राज्याच्या खजिन्यातही जात नसे. ते थेट निजामाच्या खासगीत पडे.

हे देवानं केलेलं नव्हतं, माणसाच्या सनदेनं केलेलं होतं. म्हणूनच ते माणसाच्या कायद्यानं मोडताही आलं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९४९ साली सर्फेखास सरकारजमा झाली, त्याच वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या, आणि १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. त्याचा अंमल सगळीकडं सारखा झाला असं कोण म्हणेल? कुळाचं नाव कागदावरून रातोरात नाहीसं करणारे हुशार लोक गावोगाव निघाले. तरीसुद्धा दोनशे वर्षांची घडी दोन वर्षांत विस्कटली, ती कुणा धनवंताला दया आली म्हणून नव्हे. सरकारनं कायदा केला म्हणून. तेव्हा सरकारनं अशा गोष्टींत पडू नये, हा उपदेश आम्हाला कुणी करू नये. सरकार नेहमीच पडत आलं आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ते पडतं कुणाच्या बाजूनं!

घाम आमचा म्हणून मुंबई आमची

१६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि महाराष्ट्र पेटला. तेव्हा वाद काय होता, तो नीट आठवा. मुंबईचे धनिक म्हणत, भांडवल आमचं म्हणून शहर आमचं. मराठी माणूस म्हणाला, घाम आमचा म्हणून शहर आमचं. गिरण्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी चालवल्या. मुंबईची वीज सह्याद्रीतल्या धरणांतून आली. त्यांतल्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि त्यासाठी १९२१ साली सत्याग्रह झाला. पिण्याचं पाणी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून आलं. ज्या मुलखानं शहर उभं केलं, त्या मुलखाचा त्या शहराच्या कमाईवर हक्क आहे, हा आपला युक्तिवाद होता. तो खरा होता आणि तो जिंकला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

आता आम्ही विचारतो: जो युक्तिवाद मुंबईच्या धनिकांविरुद्ध खरा, तो आपल्याच घरात खोटा कसा ठरतो? मुंबई महाराष्ट्राची झाली. पण मुंबईची कमाई महाराष्ट्राची झाली का? राज्याच्या आर्थिक पाहणीत दर साली जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता छापतात. तो काढून बघा. वरच्या टोकाला मुंबई, ठाणे, पुणे; खालच्या टोकाला हिंगोली, वाशीम, नंदुरबार, गडचिरोली. वरच्या जिल्ह्याचं माणशी उत्पन्न तळच्या जिल्ह्याच्या दुपटीहूनही पुष्कळ जास्त. एकाच राज्यगीतासाठी दोघं उभे राहतात, एकाच विधानसभेला दोघं मत देतात. पंगतही एकच म्हणायची. पानं मात्र बघवत नाहीत.

शब्द दिला कुणी, पाळला कुणी?

कुणी म्हणेल, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. छे! चांगलं लक्षात आलं होतं. राज्य व्हायच्या सात वर्षं आधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाणांसह तिन्ही विभागांतल्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. निरनिराळ्या भागांना लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्यांत आणि शिक्षणात रास्त वाटा, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष, असा तो शब्द होता. १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात तरतूद आली, की विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं नेमता येतील आणि निधीचं न्याय्य वाटप बघण्याची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात उघड शंका घेतली होती. मराठी मुलखाची एकाऐवजी चार राज्यं करा, असं ते म्हणाले. निजामानं दोनशे वर्षं मराठवाड्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या राज्यात गेल्यावर बाकीचे त्याच्याकडे बघतील याची हमी काय, असा त्यांचा सवाल होता. ज्यांनी औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय काढून आमच्या पोरांसाठी विद्येचं दार उघडलं, त्यांचा हा सवाल होता. तो मराठवाड्याच्या कळवळ्यातून आलेला होता. आम्ही त्यांचा उपाय घेतला नाही. एकत्र राहण्याचा मार्ग आम्ही राजीखुशीनं घेतला, आणि आजही तोच घेऊ. पण उपाय नाकारला म्हणून सवाल मिटत नाही. त्या सवालाला कृतीनं उत्तर देणं महाराष्ट्रावर बंधनकारक झालं.

उत्तर काय मिळालं? १९६० नंतर चोवीस वर्षांनी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं मोजमाप केलं. पाटबंधारे, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने, सगळं जिल्हावार मोजलं. राज्याच्या सरासरीपर्यंत पोचायला मागास जिल्ह्यांना सुमारे ३,१८७ कोटी रुपये कमी पडतात, असं १९८४ साली निघालं. त्यांत मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी. याला नाव पडलं अनुशेष. साध्या भाषेत थकबाकी! घटनेत १९५६ साली लिहिलेली मंडळं नेमायला १९९४ साल उजाडलं. म्हणजे अडतीस वर्षं. १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा थकबाकी सुमारे १४ हजार कोटींवर गेलेली होती, आणि मराठवाड्याची सुमारे ४ हजार कोटींवर. भाव वाढले होते हे खरं, पण भाव वाढले म्हणून फिटलेलं कर्ज पुन्हा अंगावर येत नसतं. फिटलंच नव्हतं म्हणून वाढलं.

पुढं विजय केळकर समिती २०११ साली नेमली. तिचा अहवाल २०१३ साली आला, विधिमंडळासमोर २०१४ च्या डिसेंबरात मांडला गेला. आणि ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली ती संपलीच. वेळेवर वाढवली गेली नाही. ती पुन्हा नेमावीत असा ठराव मंत्रिमंडळानं केला तो २०२२ साली. सावकाराच्या वहीत एक दिवस इकडचा तिकडं होत नाही. सरकारच्या वहीत मात्र दोन-दोन वर्षं अशीच कोरी जातात, आणि त्याबद्दल कुणाला व्याज पडत नाही.

सरासरीचं सोंग

इथवर वाचून आमच्या मराठवाड्यातले काही बडे लोक टाळ्या पिटतील. त्यांनी जरा थांबावं. पुढचं त्यांच्यासाठीच लिहिलं आहे.

मराठवाड्यात औरंगाबाद जिल्हा, म्हणजे आताचा छत्रपती संभाजीनगर, आकड्यांत उजवा दिसतो. का? कारण त्याच्या पोटात वाळूज आहे, चिकलठाणा आहे, शेंद्रा आहे. वाळूजचं उत्पन्न आणि आमच्या घाटातल्या वाडीचं उत्पन्न एकत्र घुसळलं की वर जो लोण्याचा गोळा येतो, त्याला सरासरी म्हणतात. गोळा वाळूजला, ताक आम्हाला, आणि कागदावर दोघांच्या नावे सारखंच लोणी! सिल्लोड आणि सोयगाव तालुक्यांत माळरानावरचा कापूस, मका, मिरची. पाण्याचा भरवसा नाही. सुगी सरली की माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला आणि सुरतेला निघतात. १९८३ साली लेणी जागतिक वारसा ठरली. पण लेण्यांच्या तिकिटाचा पैसा दिल्लीला, हॉटेलाचा पैसा शहरात, विमानाचा पैसा त्याहून दूर. फर्दापूरच्या फाट्यावर उरतो तो डोलीवाला, मण्यांच्या माळा विकणारा पोरगा आणि चहाचा ठेला. जगाचा वारसा उशाला घेऊन माणसं उपाशीपोटी निजू शकतात, हे बघायचं असेल तर या घाटात या.

म्हणून आम्ही म्हणतो, विभागाचा अनुशेष भरला म्हणजे अन्याय संपला असं नव्हे. केळकर समितीनं तालुका हे माप धरायचा मार्ग सुचवला. त्यावर आमच्यातल्याच काहींनी काळजी व्यक्त केली, की तालुका मोजायला गेलं तर पश्चिम महाराष्ट्रातले कोरडे तालुके पुढं येतील आणि आमचा वाटा त्या वाटेनं निसटेल. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर औषध आहे. विभागाचा वाटा आधी कायद्यानं बांधून टाका, आणि मग विभागाच्या आत तालुक्याचं माप लावा. बाहेरच्यानं आमचं पान पुसू नये, आणि आमच्यातल्या दांडग्यानं शेजाऱ्याचं पान ओढू नये.

हे आम्ही स्पष्ट लिहितो, कारण मराठवाड्याला सत्ता मिळालीच नाही अशी रड आम्हाला रडायची नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण: चार मुख्यमंत्री आमच्या मातीतून गेले. शंकररावांनी जायकवाडीसाठी जिद्द धरली, ते ऋण आम्ही मानतो. पण खुर्चीवर आपला माणूस बसला की आपल्या पानात आपोआप वाढलं जातं, हा भ्रम आता सोडून द्या. माणूस बदलतो, कायदा राहतो. आम्हाला भरवसा हवा तो कायद्याचा.

रोजगार हमीचा धडा

असा कायदा होऊ शकतो का? होऊन गेला आहे. याच महाराष्ट्रात, आणि आमच्याच उपासमारीतून.

१९७२ चा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. अमेरिकेची लाल मिलो, लेकरांना वाटलेली सुकडी, खडी फोडून सोललेले तळहात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या खडीतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. पण त्याहून मोठी गोष्ट झाली ती पुढं. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरलेल्या कल्पनेला राज्यानं कायद्याचं रूप दिलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळात एकमतानं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खेड्यातल्या कुणाही धडधाकट माणसानं काम मागावं, सरकारनं पंधरा दिवसांत द्यावं, नाही दिलं तर भत्ता द्यावा. बाईला आणि बुवाला मजुरी एकच. मजूर आता कुणाच्या दारात हात पसरून उभा नव्हता. तो मागणी करत होता.

आणि पैसा आणला कुठून? हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून नीट ऐका. १९७५ साली राज्यानं व्यवसायकर बसवला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून तो गोळा करायचा, आणखी काही करांवर थोडा अधिभार घ्यायचा, बागायती जमिनीवर जादा आकार घ्यायचा, आणि जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. या कराचा मोठा हिस्सा मुंबईतून येत होता. फोर्टातल्या कचेरीत बसणाऱ्या बाबूच्या पगारातून दरमहा कापलेला पैसा अजिंठ्याच्या घाटात माती उपसणाऱ्या बाईच्या मजुरीला लागत होता. दोघांची कधी भेट झाली नाही. पण १९५६ साली रस्त्यावर दिलेली 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ही घोषणा खऱ्या अर्थानं अमलात आली असेल, तर ती इथं! पुढं २००५ साली केंद्रानं साऱ्या देशासाठी रोजगाराचा कायदा केला, तो याच मराठी मुलखातला धडा गिरवून.

१९७९-८० च्या सुमारास या योजनेवर वर्षाला २० कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम होत होतं. १९९० नंतर ते निम्म्याच्या आसपास आलं. गरिबी निम्मी झाली म्हणून का? छे. मजुरीचे दर वाढल्यावर सरकारचा हात आखडला, कामं निघेनात. हजेरीपटावर खोटी नावं, मापात मारामार, मजुरी हातात पडायला महिनोन् महिने. योजनेत चोरी झाली, हे आम्ही झाकत नाही. पण उंदरांनी धान्य खाल्लं म्हणून कुणी शेत पेरायचं थांबवत नाही. कणगी दुरुस्त करतो. व्यवसायकर मात्र एक महिनाही थांबला नाही. तो आजही कापला जातो.

अडीच हजारांची भिंत

आता या व्यवसायकराचीच गंमत बघा. घटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला एक कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ साली ती वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० केली, आणि तिथंच ती खिळून बसली. परिणाम काय? महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर मिळवणारा पुरुष नोकरदार वर्षाला २,५०० भरतो. आणि महिना दहा लाख मिळवणारा साहेब? तोही २,५००! कारकुनाला आणि साहेबाला एकाच काट्यावर तोललं, म्हणे समता. ही समता नव्हे, समतेची थट्टा आहे. चौदाव्या वित्त आयोगानं ही मर्यादा १२ हजारांवर न्या असं सांगितलं. पंधराव्यानंही ती वाढवण्याचाच आग्रह धरला. १९८८ पासून सोन्याचा भाव कुठल्या कुठं गेला, मुंबईतल्या घराचा भाव कुठल्या कुठं गेला. बड्या पगारावरचा हा कर तेवढा १९८८ च्या भिंतीला टेकून झोपला आहे.

लगेच आरडाओरडा होईल: "कमावत्यांना लुटता काय? अशानं उद्योग राज्य सोडून पळतील!" या धमक्या आम्हाला पाठ झाल्या आहेत. त्यांना आम्ही वाळूजचंच उदाहरण देतो. वाळूजचे कारखाने आपल्या पायांनी चालत आले का? राज्यानं १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ काढलं, जमिनी संपादून दिल्या, रस्ते, पाणी, वीज दिली. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या. उद्योगपतीला सरकारनं हात दिला की त्याला प्रोत्साहन म्हणायचं, आणि मजुराला दिला की फुकटेपणा म्हणायचं, ही कुठली मराठी? शिवाय मजूर कर देत नाही असं कोण म्हणतं? साबणाच्या वडीवर, काडेपेटीवर, लेकराच्या चपलेवर तो कर भरतो. श्रीमंत भरतो त्याच दरानं भरतो. मजुराच्या मिळकतीतून तो जास्त चावा घेतो, एवढाच फरक.

सगळ्यांना सारखी मिळकत द्या, असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरला जास्त मिळो, कसबी कारागिराला जास्त मिळो, धाडस करणाऱ्या उद्योजकालाही मिळो. घटनेच्या ३९ व्या कलमात राज्याला जे बजावलं आहे, तेवढंच आम्ही मागतो: संपत्ती मोजक्यांच्या हाती गोळा होऊन बहुजनांचं अहित होऊ नये. पंगतीत ज्याला भूक जास्त त्यानं जास्त खावं. पण शेवटच्या पानापर्यंत वाढप पोचल्याशिवाय पहिल्या पानात दुसऱ्यांदा जिलबी पडू नये, एवढी रीत तरी पाळाल की नाही?

दान नको, देणं द्या

लेण्यांत शिलालेख आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. लेणं कुणी दिलं ते त्यात कोरलं आहे. छिन्नी कुणी मारली ते कोरलेलं नाही. दीड हजार वर्षं झाली, पण सरकारी रीत तीच आहे. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादेत मंत्रिमंडळ बसलं, सुमारे ४९ हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं. १६ सप्टेंबर २०२३ रोजी पुन्हा बसलं, पुन्हा ४५ हजार कोटींहून अधिक जाहीर झालं. देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, फोटोसकट. त्यांतलं कुठल्या तालुक्यात किती पडलं, हे मात्र गावच्या चावडीवर कुणी येऊन वाचून दाखवत नाही. दान देणारा हिशोब देत नसतो. देणेकऱ्याला तो द्यावा लागतो. आम्ही सरकारला दाता मानत नाही, देणेकरी मानतो.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. पहिली: विभागवार निधीचा वाटा कायद्यानं बांधा, आणि विकास मंडळं मुदतवाढीच्या टांगणीवर लोंबत ठेवू नका. दुसरी: दर साली विधिमंडळात तालुकावार हिशोब ठेवा, काय ठरलं, काय दिलं, काय खर्ची पडलं. तिसरी: व्यवसायकराची मर्यादा उठवण्यासाठी राज्यानं संसदेकडे धसास लावावं, मिळकत वाढेल तसा कर वाढवावा, लहान पगाराला सूट द्यावी, आणि हा पैसा ज्या कामासाठी १९७५ साली मागितला त्याच रोजगाराच्या कामाला लावावा. चौथी: मजुराची मजुरी वेळेवर त्याच्या हातात पडावी, आणि हजेरीपट ग्रामसभेत, मराठीत, मोठ्यानं वाचला जावा. मराठी राज्यात मराठीचा याहून चांगला वापर आम्हाला तरी दिसत नाही.

शेवटी सीमाभागातल्या बांधवांसाठी दोन शब्द. बेळगाव, निपाणी, कारवारसाठी आपण अजून भांडतो आहोत. २००४ साली राज्यानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. बिदर-भालकीकडची मराठी माणसं तर आमच्यासारखीच निजामाच्या अमलातून बाहेर पडली. १९५६ साली ती म्हैसूर राज्यात गेली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. त्यांना आपण म्हणतो, या, आपल्या घरी या. उद्या भालकीचा एखादा शेतकरी विचारील: "येतो की! पण तुमच्या घरात आधीपासून बसलेल्यांच्या पानात काय वाढलंय, ते बघू द्या." त्याला दाखवायला अजिंठ्याच्या मजुराचं पान भरलेलं असलं पाहिजे. सीमेचा दावा कोर्टात चालेल तेव्हा चालेल. या पानाची तारीख आपल्याच हातात आहे, आणि ती आता पुढं ढकलू देऊ नका.

जय महाराष्ट्र!